ताऱ्यांच्या वाटेवरची धूळ

ऑक्टोबर महिना होता. पावसाळा नुकताच संपला होता आणि आभाळ धुऊन काढल्यासारखे स्वच्छ झाले होते. अमावास्येच्या सुमारास आमच्या महाविद्यालयातील पंधरा-वीस विद्यार्थ्यांना घेऊन मी घाटमाथ्यावरील एका खेड्यात आकाशदर्शनासाठी गेलो होतो. रात्री आठच्या सुमारास गावाबाहेरच्या माळावर आम्ही सतरंज्या अंथरल्या. डोळे अंधाराला सरावले, तशी आकाशगंगा हळूहळू स्पष्ट दिसू लागली. उत्तरेच्या बाजूला, जवळजवळ डोक्यावर हंस तारकासमूह होता. त्याच्या दक्षिणेस श्रवणाचा तारा होता आणि नैर्ऋत्येला क्षितिजाकडे झुकलेली धनू रास होती. ह्या सर्वांमधून तो फिकट दुधी पट्टा गेलेला होता. मी ताऱ्यांची नावे सांगत होतो, इतक्यात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आकाशगंगेला मधोमध भेग का पडली आहे?"

तिचे निरीक्षण अगदी अचूक होते. हंसापासून श्रवणाच्या बाजूने दक्षिणेकडे जाऊ लागलो, की आकाशगंगेचे दोन फाटे होतात आणि त्यांच्यामध्ये एक काळी पट्टी दिसते. "तिथे तारेच नाहीत का?" दुसऱ्या एकाने विचारले. तारे आहेत, हवे तितके आहेत. परंतु त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचत नाही, कारण वाटेत धूळ आहे, असे मी उत्तर दिले.

उत्तर एका वाक्यात देता आले. पण हे एक वाक्य शोधून काढण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांना जवळजवळ दीडशे वर्षे लागली. तोपर्यंत ह्या धुळीने माणसाची मोठीच फसगत केली होती. विश्वातील आपल्या स्थानाचाच त्याला चुकीचा पत्ता मिळाला होता. विद्यार्थी मित्रांनो, ही धूळ काय आहे, ती ताऱ्यांचा प्रकाश आणि विशेषतः त्यांचा जंबुपार प्रकाश कसा अडवते, आणि तिच्यामुळे होणारा तोटा मोजता मोजता शास्त्रज्ञांच्या हाती काय लागले, ते आज पाहू या.

भोके की पडदे?

अठराव्या शतकात विल्यम हर्शेल यांनी स्वतः तयार केलेल्या मोठ्या दुर्बिणींतून आकाशाचे पद्धतशीर निरीक्षण केले. त्यांची बहीण कॅरोलीन नोंदी ठेवीत असे. आकाशाच्या निरनिराळ्या भागांत किती तारे दिसतात, हे ते मोजत असत. वृश्चिक राशीसारख्या ताऱ्यांनी गजबजलेल्या भागातही काही जागा त्यांना अगदी रिकाम्या आढळल्या. ही आकाशाला पडलेली भोके असावीत, त्या ठिकाणी खरोखरच तारे नसावेत, असे त्यांना वाटले.

पुढे छायाचित्रणाची कला खगोलशास्त्रात आली. अमेरिकेतील एडवर्ड बर्नार्ड हे गरिबीमुळे वयाच्या नवव्या वर्षापासून एका छायाचित्रकाराकडे नोकरी करीत होते. तेच पुढे मोठे खगोलनिरीक्षक झाले. त्यांनी आकाशगंगेची तासन्‌तास प्रकाश टिपणारी छायाचित्रे घेतली. त्यांत ह्या काळ्या जागांच्या कडा इतक्या रेखीव दिसत, की त्या भोकांपेक्षा ढगांसारख्या वाटत. तरीही हे प्रकाश अडवणारे ढग आहेत, हे बर्नार्ड यांना पटण्यास बरीच वर्षे जावी लागली. १९१९ साली त्यांनी अशा १८२ काळ्या ठिकाणांची यादी प्रसिद्ध केली. मृग नक्षत्रातील घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा प्रसिद्ध कृष्णमेघ अशांपैकीच एक आहे. विल्यमिना फ्लेमिंग यांना तो १८८८ साली एका छायाचित्रात आढळला होता.

हे झाले दाट ढगांविषयी. परंतु खरा प्रश्न वेगळाच होता. जेथे ढग दिसत नाहीत, जेथे आकाश स्वच्छ वाटते, त्या ताऱ्यांमधील पोकळीत काय आहे?

धुक्यात उभा असलेला माणूस

कल्पना करा, की ऐन पावसाळ्यात तुम्ही महाबळेश्वरच्या एखाद्या पठारावर उभे आहात आणि सभोवार दाट धुके आहे. तुम्हाला चहूकडे पन्नास पावले दिसेल आणि त्यापुढे सर्व पांढरे. तुम्ही पठाराच्या एका टोकाला असलात तरी तुम्हाला वाटेल, की आपण बरोबर मध्यभागी उभे आहोत!

खगोलशास्त्रज्ञांचे नेमके असेच झाले. हर्शेल यांनी १७८५ साली ताऱ्यांच्या मोजणीवरून आपल्या तारकाविश्वाचा नकाशा काढला, त्यात सूर्य जवळजवळ मध्यभागी आला. पुढे हॉलंडमधील कॅप्टेन यांनी अनेक वर्षे ह्याच प्रश्नाचा अभ्यास केला. १९२२ साली त्यांनी मांडलेल्या चित्रातही सूर्य मध्याजवळच होता. कोणत्याही दिशेला पाहिले तरी दूर जावे तसे तारे विरळ होत जातात, मग आपण केंद्रस्थानीच असणार, असा तो तर्क. वाटेत प्रकाश अडवला जात असेल काय, ही शंका स्वतः कॅप्टेन यांनाही आली होती. परंतु तसा खात्रीलायक पुरावा मिळत नव्हता. आज आपल्याला माहीत आहे, की सूर्य आपल्या आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर, एका बाजूला आहे. आपण केंद्रस्थानी असल्याचा भास होत होता, तो धुळीमुळे.

हा पुरावा १९३० साली रॉबर्ट ट्रम्पलर यांनी दिला. ते मूळचे स्वित्झर्लंडचे असून अमेरिकेतील लिक वेधशाळेत काम करीत होते. त्यांची युक्ती समजण्यास सोपी आहे. रस्त्यावरचा दिवा जितका दूर तितका तो अंधुक दिसतो आणि त्याचा खांब तितका लहान दिसतो. हवा स्वच्छ असेल तर दिव्याच्या अंधुकपणावरून काढलेले अंतर आणि खांबाच्या उंचीवरून काढलेले अंतर सारखेच येईल. पण धुके असेल तर? धुक्यामुळे दिवा अधिक अंधुक होईल, मात्र खांबाची उंची काही कमी दिसणार नाही. म्हणजे दोन उत्तरे जुळणार नाहीत, आणि त्यांतील फरकावरून धुके किती आहे ते कळेल.

ट्रम्पलर यांनी दिव्यांच्या जागी ताऱ्यांचे गुच्छ घेतले. गुच्छातील ताऱ्यांच्या तेजावरून त्यांनी अंतरे काढली, आणि त्या अंतरांवरून व दिसणाऱ्या आकारावरून गुच्छांचे खरे व्यास काढले. तेव्हा असे आढळले, की गुच्छ जितका दूर तितका त्याचा व्यास मोठा! तेही सर्व दिशांना. आता गुच्छांना आपली पृथ्वी कोठे आहे हे कळते आणि तिच्यापासून दूर असलेले गुच्छ मुद्दाम फुगतात, असे तर म्हणता येत नाही. एकच निष्कर्ष उरला. वाटेत प्रकाश अडवला जात होता, म्हणून अंतरे प्रमाणाबाहेर मोठी येत होती, आणि त्यामुळे व्यासही.

धूळ आहे तरी किती?

ही धूळ फार दाट असेल असे तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात ती कल्पनातीत विरळ आहे. ताऱ्यांमधील पोकळीत सरासरीने दर घन सेंटिमीटरला वायूचा सुमारे एक अणू असतो, आणि धुळीचे एकूण वस्तुमान वायूच्या सुमारे एक शतांश असते. ०.१ मायक्रोमीटर त्रिज्येचा कण हा धुळीचा नमुना मानला (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद आणि १०० मीटर उंच अशा प्रचंड खोलीत असा एखाददुसराच कण सापडेल. आपण प्रयोगशाळेत ज्याला निर्वात म्हणतो, तेही ह्याच्यापुढे गर्दीचे ठिकाण ठरेल.

मग इतकी विरळ धूळ प्रकाश अडवते कशी? हिशेब करून पाहू. १ चौरस मीटर छेद असलेला आणि ३,२६० प्रकाशवर्षे लांबीचा एक सरळ बोगदा घ्या. (हे अंतर खगोलशास्त्रज्ञांचे सोयीचे माप आहे, त्याला ते एक किलोपार्सेक म्हणतात.) एका प्रकाशवर्षात सुमारे ९.४६ × १०^१५ मीटर असतात. म्हणून बोगद्याचे घनफळ सुमारे ३ × १०^१९ घन मीटर झाले. दर १०^६ घन मीटरला एक कण धरला, तर बोगद्यात ३ × १०^१३ कण असतील. प्रत्येक कणाची सावली πr² म्हणजे सुमारे ३ × १०^-१४ चौरस मीटर. आता गुणाकार करा. सर्व सावल्यांची बेरीज जवळजवळ १ चौरस मीटर येते, म्हणजे बोगद्याच्या तोंडाइतकी! काही सावल्या एकमेकींवर पडतात, म्हणून प्रकाश पुरता बंद होत नाही इतकेच. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. धूळ विरळ आहे, पण वाट फार लांब आहे.

प्रत्यक्ष मोजमापांवरून असे दिसते, की आकाशगंगेच्या प्रतलात एवढे अंतर चालून आल्यावर दृश्य प्रकाशाचा सरासरीने पाचवा हिस्साच उरतो. अंतर दुप्पट झाले, की पाचव्या हिश्श्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे पंचविसावा भाग उरतो. अर्थात हे सरासरीचे गणित आहे. धूळ सर्वत्र सारखी पसरलेली नाही. ती पावसाळी ढगांसारखी कोठे दाट, कोठे विरळ आहे.

निळा जातो, तांबडा उरतो

आता एक साधा प्रयोग करा. काचेच्या सरळ ग्लासात पाणी घ्या, त्यात दुधाचे चार-पाच थेंब टाकून ढवळा. खोलीत अंधार करा आणि ग्लासाच्या एका बाजूने टॉर्चचा झोत सोडा. समोरून, म्हणजे झोताच्या रेषेत पाहिले तर टॉर्चचा दिवा पिवळसर तांबूस दिसेल. बाजूने पाहिले तर पाण्याला किंचित निळसर झाक दिसेल. दुधाचे थेंब एकेक करून वाढवा आणि समोरचा दिवा कसा बदलत जातो ते पाहा.

दुधातील अतिसूक्ष्म कण प्रकाश इतस्ततः विखरतात. ह्याला प्रकीर्णन म्हणतात. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी कमी असते, म्हणून तो अधिक विखुरला जातो. तांबडा बराचसा सरळ निघून जातो. मावळता सूर्य तांबडा दिसतो त्यामागेही हेच तत्त्व आहे, फक्त तेथे हे काम मुख्यतः हवेचे रेणू करतात.

ताऱ्यांमधील धूळही असेच करते. धुळीमागचा तारा केवळ अंधुक होत नाही, तर तांबूसही होतो. परंतु एक महत्त्वाचा फरक आहे. हवेच्या रेणूंच्या बाबतीत तरंगलांबी निम्मी केली, की प्रकीर्णन सोळा पट वाढते. ताऱ्यांमधील धुळीच्या बाबतीत, दृश्य प्रकाशाच्या आसपास, तरंगलांबी निम्मी केली तर प्रकाशाचा ऱ्हास दोन-तीन पटच वाढतो. एवढ्यावरूनच कळते, की ह्या पोकळीत प्रकाश अडवणारे घटक रेणूंएवढे लहान नाहीत आणि वाळूच्या कणांएवढे मोठेही नाहीत. मोठे कण सर्व रंग सारखेच अडवतील. म्हणजे कणांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असला पाहिजे.

हा संबंध ध्यानात येण्यासाठी कोकणच्या किनाऱ्यावर चला. समुद्रात रोवलेल्या एखाद्या बारीक खांबाला मोठी लाट जुमानत नाही, त्याला वळसा घालून ती पुढे जाते. पण त्याच खांबावर लहान लहान तरंग आदळले, तर ते अडतात आणि परततात. अडथळा तरंगलांबीपेक्षा फार लहान असेल तर तरंगाला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रकाशाच्या तरंगांचेही साधारण असेच आहे. शिवाय धुळीचे कण काही प्रकाश विखुरतात, तर काही गिळून टाकतात, म्हणजे शोषून घेतात. विखुरणे आणि शोषणे ह्या दोन्ही मार्गांनी होणाऱ्या एकूण ऱ्हासाला विलोपन असे नाव आहे.

जंबुपार प्रकाशाची लूट

वर्णपटात जांभळ्याच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारा जंबुपार प्रकाश असतो. (शालेय पुस्तकांत त्याला अतिनील असेही म्हणतात.) त्याची तरंगलांबी ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी असते. एका मायक्रोमीटरमध्ये १,००० नॅनोमीटर असतात. वर सांगितलेले तत्त्व खरे असेल, तर ह्या प्रकाशाचे विलोपन आणखी जास्त झाले पाहिजे. पण हे तपासायचे कसे? आपल्या वातावरणातील ओझोनचा थर सुमारे ३०० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश जमिनीवर येऊच देत नाही. आपल्या त्वचेचे आणि डोळ्यांचे त्यामुळे रक्षण होते, पण खगोलशास्त्रज्ञाची मात्र अडचण होते. तेव्हा उपकरणे वातावरणाबाहेर पाठवणे एवढाच मार्ग उरला.

१९६५ साली अमेरिकेतील थिओडोर स्टेचर यांनी अग्निबाणातून मिळवलेल्या वेधांवरून जंबुपार प्रकाशाच्या विलोपनाची मोजमापे प्रसिद्ध केली. अग्निबाणाला निरीक्षणासाठी जेमतेम काही मिनिटे मिळतात. डिसेंबर १९६८ मध्ये ओएओ-२ हा खास उपग्रह सोडण्यात आला आणि अनेक ताऱ्यांचे जंबुपार वेध घेणे शक्य झाले. त्यानंतरचा आययूई हा उपग्रह जानेवारी १९७८ पासून सप्टेंबर १९९६ पर्यंत काम करीत होता. त्याच्या दुर्बिणीचा आरसा अवघा ४५ सेंटिमीटरचा होता, पण त्याने एक लाखाहून अधिक वर्णपट मिळवले.

मोजण्याची रीत सोपी आहे. अगदी एकाच जातीचे, म्हणजे सारख्याच तापमानाचे दोन तारे घ्यायचे. एक धुळीच्या मागे असलेला आणि दुसरा धुळीपासून मुक्त असलेला. दोघांचे वर्णपट शेजारी ठेवून प्रत्येक तरंगलांबीला पहिल्यात किती प्रकाश कमी आहे ते पाहायचे. जुळ्या भावांपैकी एक आजारी पडला, तर त्याचे वजन किती घटले हे दुसऱ्याकडे पाहून सांगता येते, तसेच हे.

अशा अनेक जोड्यांवरून जी सरासरी मिळाली, तिच्या आधारे मी एक कोष्टक तयार केले आहे. प्रत्येक रंगाचे १०,००० प्रकाशकण ताऱ्याकडून आपल्या दिशेने निघाले असे समजा. आकाशगंगेच्या प्रतलात ३,२६० प्रकाशवर्षे चालून आल्यावर त्यांच्यापैकी साधारण किती उरतील?

अवरक्त (२,२०० नॅनोमीटर): ८,३००
तांबडा (७०० नॅनोमीटर): ३,०००
हिरवट पिवळा (५५० नॅनोमीटर): १,९००
निळा (४४० नॅनोमीटर): १,१००
जंबुपार (२१७.५ नॅनोमीटर): ५०
जंबुपार (१५० नॅनोमीटर): १२०
दूरचा जंबुपार (१०० नॅनोमीटर): २

ह्या कोष्टकाकडे नीट पाहा. हिरवट पिवळ्या प्रकाशाचा पाचवा हिस्सा उरला, तर १०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे दहा हजारांत दोनच कण उरले. ह्याचा अर्थ असा, की धुळीत केवळ ०.१ मायक्रोमीटरचे कण नाहीत. त्याहून दहा-वीस पट बारीक कणही आहेत, आणि ते संख्येने प्रचंड आहेत. दृश्य प्रकाशाला त्यांचा पत्ता लागत नाही. जंबुपार प्रकाशाची लहान लाट मात्र त्यांच्यावर अडते. जे कण साध्या प्रकाशात दिसलेच नसते, ते त्यांनी केलेल्या लुटीवरून सापडले.

उंचवट्याचे कोडे

कोष्टकात आणखी एक विचित्र गोष्ट तुमच्या नजरेस आली का? १५० नॅनोमीटरला १२० कण उरतात, पण त्याहून अधिक तरंगलांबीच्या २१७.५ नॅनोमीटरला ५० च. हे नियमाच्या उलट झाले! विलोपनाचा आलेख काढला तर तो जंबुपार भागात चढत चढत जातो, २१७.५ नॅनोमीटरपाशी त्याला एक मोठा उंचवटा येतो, मग तो खाली उतरतो आणि पुन्हा जोराने चढू लागतो. स्टेचर यांना १९६५ मध्येच हा उंचवटा दिसला होता.

एखाद्या ठरावीक तरंगलांबीला असे विशेष शोषण होणे ही पदार्थाची ओळखखूण असते. हा पदार्थ कोणता? पहिला संशय कार्बनवर गेला. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी १९६२ सालीच ही धूळ ग्रॅफाइटची असावी असे सुचवले होते, आणि ग्रॅफाइटचे सूक्ष्म कण ह्याच तरंगलांबीच्या आसपास जोरदार शोषण करतात. ग्रॅफाइट म्हणजे तुमच्या शिसपेन्सिलीतील काळा पदार्थ. त्यात कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या सपाट थरांत बसलेले असतात. आज अनेक शास्त्रज्ञांना वाटते, की ग्रॅफाइटऐवजी किंवा त्याच्या जोडीला, अशाच षटकोनी जाळीचे लहान तुकडे, म्हणजे अनेक कड्यांचे कार्बनी रेणू, हे काम करीत असावेत. कपाटात ठेवतात त्या डांबराच्या गोळ्यांतील नॅप्थॅलीन हा ह्या कुटुंबातील सर्वांत साधा, दोन कड्यांचा रेणू आहे.

कोडे मात्र अजून पुरते सुटलेले नाही. वेगवेगळ्या दिशांना पाहिले तर उंचवट्याची रुंदी बदलते, पण त्याचे शिखर जवळजवळ त्याच जागी राहते, असे १९८६ साली फिट्झपॅट्रिक आणि मासा यांनी दाखवले. कोणताही एक पदार्थ सुचवला, तर ह्या दोन्ही गोष्टी एकदम जुळवणे जड जाते. आपल्या शेजारच्या लहान मॅजेलन मेघ ह्या दीर्घिकेत तर हा उंचवटा बहुतेक ठिकाणी दिसतच नाही. आणि २०२३ साली जेम्स वेब दुर्बिणीच्या वेधांतून तो अशा दीर्घिकेत आढळला, की जिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय १०० कोटी वर्षांहूनही कमी होते. विश्वाचे आजचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. इतक्या लवकर एवढी कार्बनी धूळ तयार झाली कशी, हा नवा प्रश्न त्यातून उभा राहिला.

जमाखर्च न ठेवल्यास

धुळीचा हिशेब न ठेवल्यास काय बिघडते? खूपच बिघडते. ताऱ्याचे तेज अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. धुळीमुळे जंबुपार प्रकाश २०० पटींनी कमी झाला आणि आपण तो दोष अंतराच्या माथी मारला, तर २०० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १४ पट चुकीचे अंतर येईल! तापमानही चुकेल. २५,००० केल्व्हिन तापमानाचा तारा आपला सर्वाधिक प्रकाश ११६ नॅनोमीटरच्या आसपास देतो. धूळ नेमका तोच खाऊन टाकते, आणि मग तो तप्त तारा आपल्याला थंड व तांबूस भासतो. दूरच्या दीर्घिकांत नवे तारे किती वेगाने जन्मत आहेत, हे त्यांच्या जंबुपार प्रकाशावरून ठरवतात, कारण नवजात मोठे तारे अतितप्त असतात. तेथे धुळीची वजावट चुकली, की ताऱ्यांच्या जन्माची सारी गणतीच चुकते.

ह्याचे एक ठळक उदाहरण हंस तारकासमूहातच आहे. हंस ओबी-२ ह्या ताऱ्यांच्या समूहातील १२ क्रमांकाचा तारा आपल्यापासून ५,००० प्रकाशवर्षांहून अधिक दूर असून आकाशगंगेतील अत्यंत तेजस्वी ताऱ्यांपैकी एक आहे. पण तो आपल्याला दुर्बिणीशिवाय दिसत नाही. वाटेतील धुळीमुळे त्याचा दृश्य प्रकाश सुमारे १०,००० पट कमी होतो. ही धूळ बाजूला करता आली असती, तर हंसाच्या शेपटीजवळच्या तेजस्वी डेनेब ताऱ्याला शोभणारा जोडीदार आपल्या नुसत्या डोळ्यांना दिसला असता. आणि त्याचा २१७.५ नॅनोमीटरचा जंबुपार प्रकाश? सरासरी धुळीचे प्रमाण धरले, तर लाख कोटी प्रकाशकणांतील एकही आपल्यापर्यंत पोचत नाही असे म्हणावे लागेल.

आकाशगंगेच्या केंद्राकडून येणाऱ्या दृश्य प्रकाशाची स्थितीही अशीच आहे. तेथून निघालेल्या सुमारे एक लाख कोटी प्रकाशकणांपैकी एकच आपल्याकडे येतो. अवरक्त प्रकाशाचा मात्र साधारण दहावा हिस्सा येतो. म्हणूनच राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांनी अवरक्त दुर्बिणींतून केंद्राजवळच्या ताऱ्यांच्या फेऱ्या वर्षानुवर्षे टिपल्या आणि तेथील प्रचंड कृष्णविवराचा पुरावा मिळवला. त्यासाठी त्यांना २०२० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कोष्टकातील पहिली ओळ पुन्हा वाचा, म्हणजे त्यांनी अवरक्त प्रकाश का निवडला ते कळेल.

आपल्या देशानेही ह्या कामात हातभार लावला आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावर जंबुपार दुर्बिणींची एक जोडी बसवलेली होती. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने ती तयार केली आणि त्या कामात पुण्याच्या आयुका ह्या संस्थेचाही सहभाग होता. आणि २०२५ साली गाया उपग्रहाने टिपलेल्या सुमारे १३ कोटी ताऱ्यांच्या वर्णपटांवरून, आकाशगंगेच्या आपल्या परिसरातील धुळीचे गुणधर्म जागोजागी कसे बदलतात, ह्याचा त्रिमिती नकाशा प्रसिद्ध झाला. ट्रम्पलर यांनी शंभर गुच्छांवरून केलेल्या हिशेबापासून आपण किती पुढे आलो, हे ह्यावरून दिसते.

गिळलेला प्रकाश जातो कोठे?

ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तुम्ही शिकला आहात. मग धुळीने गिळलेल्या प्रकाशाचे काय होते? त्याने धुळीचे कण किंचित तापतात. किंचित म्हणजे किती, तर उणे २५५ अंश सेल्सिअसच्या आसपास! एवढ्या थंड कणांमधून जो प्रारण बाहेर पडते ते दूरच्या अवरक्त भागात असते. १९८३ साली आयआरएएस उपग्रहाने आकाशाचे अवरक्त सर्वेक्षण केले, तेव्हा आकाशगंगेचा धुळीने भरलेला पट्टा त्यात झळाळून उठला. आपल्या आकाशगंगेतील ताऱ्यांचा साधारण एकतृतीयांश प्रकाश असा धुळीमार्फत रूप बदलून बाहेर पडतो. जंबुपार प्रकाशाची ही चोरी अवरक्त प्रकाशाच्या खात्यावर जमा झालेली सापडते.

आणि शेवटी एक गोष्ट. ह्या धुळीला आतापर्यंत आपण चोर म्हटले, पण तिची दुसरी बाजूही आहे. जंबुपार प्रकाश रेणूंचे तुकडे करतो. दाट धूलिमेघाच्या पोटात तो शिरू शकत नाही, म्हणून तेथे थंडी आणि अंधार असतो. धुळीच्या कणांच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू एकत्र येऊन रेणू बनतात, पाण्याचे बर्फ साचते, आणि हे रेणू तेथे सुरक्षित राहतात. असेच मेघ पुढे आकुंचन पावून तारे आणि ग्रह जन्माला घालतात. आपल्या डोक्यावरील ओझोनचा थर आपल्याला जपतो, तसा धुळीचा पडदा न जन्मलेल्या ताऱ्यांच्या मेघांना जपतो. पृथ्वीवरील खडक, माती, आपल्या शरीरातील कार्बन, हे सर्व एके काळी अशाच मेघात होते.

त्या रात्री माळावर मी हे सांगितले, तेव्हा ती विद्यार्थिनी बराच वेळ त्या काळ्या पट्टीकडे पाहत राहिली. तुम्हीही येत्या ऑक्टोबरमध्ये, चांदणे नसलेल्या रात्री, गावातील दिव्यांपासून दूर जाऊन हंसापासून श्रवणापर्यंत नजर फिरवा. उजळ भागात तारे दिसतील. काळ्या भागातही तेवढेच तारे आहेत, हे आठवा, आणि त्यांच्या न पोचलेल्या प्रकाशाचा हिशेब आपल्याला मांडता येतो, हेही.